थेट नायब सुभेदार: लष्करात पंडित म्हणून जाणाऱ्यांसाठी

लष्करात धर्मगुरू व्हायचं आहे असं सांगत जी मुलं माझ्याकडे येतात, त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात. पेपर कठीण असतो का, डिप्लोमा कुठून करावा, पळायला किती लागतं, पगार किती. याची बहुतेक उत्तरं जाहिरातीतच असतात. पलटणीत पाऊल ठेवल्यानंतरच्या पहिल्या वर्षात काय होतं, हे मात्र कुणी विचारत नाही. मलाही ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि ते वर्ष मी अजून विसरलेलो नाही. म्हणून हे लिहितोय.

मी पंडित म्हणून गेलो, तेव्हा वाट पंडिताचीच सांगतो. शिखांचे ग्रंथी, मौलवी, पाद्री, बौद्ध भिक्षू यांच्या शिक्षणाच्या अटी वेगळ्या आहेत. पलटणीतलं जगणं मात्र सगळ्यांचं सारखंच.

आधी कागद, कारण चांगली चांगली मुलं इथेच बाद होतात. वेदपाठशाळेत बारा-बारा वर्षं काढलेला, संहिता मुखोद्गत असलेला, स्वर एकदाही न चुकणारा मुलगा भरतीला येतो आणि टेबलावरून परत जातो. लष्कर तुमचं पाठांतर मोजत नाही, पदवी मोजतं. पदवीधर असणं आवश्यक आहे. पंडितासाठी त्यात संस्कृतमधली आचार्य पदवी, किंवा शास्त्री पदवी आणि सोबत कर्मकांडाचा एक वर्षाचा डिप्लोमा, अशी अट असते. गुरुजींनी दिलेलं प्रमाणपत्र, सत्काराची मानपत्रं, यजमानांची पत्रं यांना तिथे काहीही किंमत नाही. ऐकायला वाईट वाटतं, पण तसंच आहे. संस्कृत घेऊन बी.ए., एम.ए. केलेल्यांनीही सावध राहावं. आपली पदवी ‘शास्त्री’ किंवा ‘आचार्य’ धरली जाईल असं मनाशी ठरवून बसू नका. रामटेकचं कविकुलगुरू कालिदास संस्कृत विश्वविद्यालय असो, केंद्रीय संस्कृत विश्वविद्यालय असो की वाराणसीचं संपूर्णानंद, प्रवेश घेण्याआधी एकच प्रश्न विचारा: शेवटी पदवीच्या कागदावर नेमका कोणता शब्द छापून येणार? तो शब्द आणि जाहिरातीतला शब्द जुळला पाहिजे. पाठशाळेत असाल तर आजच एखाद्या विद्यापीठात नाव घाला. दोन्ही एकदम चालू शकतं, आणि पाठशाळेचं शिक्षण वाया जात नाही. पुढे त्याच्याच जोरावर उभे राहाल.

परीक्षेबद्दल थोडक्यात. मैदानावर १६०० मीटर ८ मिनिटांत पळायचं असतं. उंची १६० सेंटिमीटर, छाती ७७ सेंटिमीटर अशी मापं असतात. गोरखा, लडाखी आणि काही भागांतल्या उमेदवारांना उंचीत सूट मिळते. लेखी परीक्षेचे पेपर दोन, एक सामान्य ज्ञानाचा आणि दुसरा आपल्या धर्माचा. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे उत्तरं देऊ नका. मग मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. वयाची अट जाहिरातीगणिक थोडी हलते, साधारण पंचविशी ते पस्तिशीच्या आसपास. पुरोहित घरातली मुलं धावण्याला घाबरतात. घाबरण्यासारखं त्यात काही नाही. रोज पहाटे संध्या झाल्यावर पळायला लागा, पहिले काही आठवडे नुसतं न थांबता अंतर पुरं करा, वेळ नंतर आपोआप कमी होते.

‘आमची आत ओळख आहे’ म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. या भरतीत जागा थोड्या असतात, म्हणूनच दलालांना भोळे उमेदवार सापडतात. अॅकॅडमीबद्दलही माझं मत चांगलं नाही. शिपाई भरतीच्या मुलांबरोबर तुम्हाला पळवतील तेवढाच फायदा. धर्माचा पेपर त्यांच्यातल्या कुणालाही शिकवता येत नाही. षोडश संस्कार, दर्शनं, उपनिषदं, पुराणं, पंचांग हे तुमचं घरचं आहे. ते स्वतः मुळातून वाचा, छापील प्रश्नसंच पाठ करू नका. मुलाखतीत ‘हे का करतात’ असं विचारलं की प्रश्नसंचवाला गप्प होतो.

निवड झाली की लष्करी शिस्तीचं प्रशिक्षण होतं, आणि धर्मगुरूचं शिक्षण पुण्याच्या इन्स्टिट्यूट ऑफ नॅशनल इंटिग्रेशनमध्ये. संपूर्ण वाटेतला हा काळ मला सगळ्यात आवडला. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री एकाच वर्गात बसतात, एकाच मैदानावर घाम गाळतात, एकमेकांच्या सणांची तयारी करतात. तिथे दुसऱ्याच्या धर्माची जुजबी ओळख करून घेऊन थांबू नका. शेजारच्या खाटेवरच्या मौलवींना विचारा की तुमच्याकडे माणूस गेल्यावर पहिल्या तासात काय करतात. ग्रंथींना विचारा अरदास, म्हणजे त्यांची प्रार्थना, कशी होते, पाद्रींना विचारा आजाऱ्याजवळ बसून काय म्हणतात. पुढे एखाद्या चौकीवर तुम्ही एकटेच धर्मगुरू असाल, समोर दुसऱ्या धर्माचा जवान असेल आणि त्याचे धर्मगुरू यायला दोन दिवस लागतील. त्याची पूजा तुम्ही करायची नसते. त्याला काय हवं आहे ते ओळखून ते मिळेल अशी तजवीज करायची असते. हे ज्याला पुण्यात समजलं त्याचं पुढचं बरंच सोपं झालं.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं, तिकडे वळतो.

धर्मगुरू लष्करात येतो तो थेट नायब सुभेदार म्हणून. खांद्यावर पहिल्याच दिवशी तारा. सातव्या वेतन आयोगाच्या हिशेबात सहावा स्तर, ३५,४०० मूळ वेतन, वर लष्करी सेवेचे ५,२००. घरी आनंदीआनंद होतो, गावात सत्कार होतो. एक गोष्ट मात्र आधी नीट समजून घ्या. शिपाई म्हणून भरती झालेला मुलगा लान्स नाईक, नाईक, हवालदार असा चढत या ताऱ्यापर्यंत येतो तेव्हा त्याची वीसेक वर्षं गेलेली असतात. सियाचीन झालेलं असतं, ईशान्य झालेलं असतं, काश्मीर दोनदा झालेलं असतं, मुलांची बालपणं घराबाहेर राहून गेलेली असतात. अनेक जण तर हवालदार म्हणूनच निवृत्त होतात. त्याच ताऱ्यासह तुम्ही मेसमध्ये शिरता, आणि तुमच्या छातीवर एकही रिबन नसते.

कुणी अपमान करत नाही. लष्कर शिस्तीचं आहे. सगळे ‘पंडितजी, आइए’ म्हणतात, खुर्ची देतात. त्रास अपमानाचा नसतोच. तुम्ही बॅरेकमध्ये जाता तेव्हा खाटेवर बसलेला मुलगा उठून उभा राहतो. ‘राम राम साहब.’ तुम्ही विचारता, काय बेटा, कसं चाललंय? ‘सब ठीक है साहब.’ दुसऱ्याला विचारा, तिसऱ्याला विचारा. सब ठीक है साहब. कारण जेसीओने (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसरने, नायब सुभेदार हा त्यातलाच) विचारलेला प्रश्न जवानाच्या कानाला तपासणीच वाटतो. रोल कॉलला जे उत्तर द्यायचं असतं तेच तो तुम्हालाही देतो. तो खोटं बोलत नसतो, तारा लावलेल्या माणसाला काय सांगायचं हे भरतीच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या अंगात भिनलेलं असतं, ते सांगतो. तुम्ही कितीही प्रेमळ असा, त्या क्षणी तुम्ही त्याचे पंडितजी नसून साहब असता.

इथून दोन वाटा फुटतात. एक म्हणजे साहेबच होऊन जाणं. मंदिर झाडायला माणसं मागवणं, कुणी सलाम चुकवला तर मनात ठेवणं, मेसमध्ये ज्येष्ठतेच्या तारखा काढणं. या वाटेने जाणारे मी पाहिले आहेत, त्यांच्यावर जास्त शब्द घालवत नाही.

दुसरी वाट जास्त फसवी, कारण ती बाहेरून चांगली दिसते. ती म्हणजे मंदिरात जाऊन बसणं. बॅरेकमध्ये कुणी बोलत नाही ना, मग आपलं काम आपण चोख करू. मूर्तींची वस्त्रं, फुलं, समया, वेळेवर आरती, मंदिर परेडला नीट बेतलेलं प्रवचन. सीओ साहेब, म्हणजे पलटणीचे प्रमुख, येऊन जातात, मंदिर बघून खूश होतात. वरिष्ठ कौतुक करतात. तपासणीत तुमच्याबद्दल चांगलं लिहिलं जातं. तुम्हाला वाटतं की सगळं नीट चाललं आहे, कारण तक्रार करणारं कुणीच नसतं. माझं पहिलं वर्ष असंच गेलं. मंदिर परेडला जवान रांगेत बसत, हात जोडत, प्रसाद घेत आणि निघून जात. परेड हुकमाने भरते, आणि तिच्या गर्दीवरून आपण पलटणीच्या मनात आहोत असं मला वाटत राहिलं. एका जवानाचे वडील गेले होते. तेरावं उरकून तो परत आला, रोज संध्याकाळी आरतीला मागच्या रांगेत उभा राहत होता. ही गोष्ट त्याच्या बॅरेकला माहीत होती, लंगरच्या, म्हणजे जवानांच्या भटारखान्याच्या, आचाऱ्याला माहीत होती. मला ती कळली तेव्हा तो पुढच्या सुट्टीवर निघाला होता.

तुमच्याही बाबतीत असं होण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यात तुमच्या भक्तीचा किंवा विद्वत्तेचा दोष नसतो. व्यवस्थाच अशी आहे की पंडिताच्या अंगावर दोन वेश चढतात, आणि जवानाला दुरून वर्दी आधी दिसते.

उपाय आहेत. सगळे साधे आहेत, वेळखाऊ आहेत.

जिथे हुद्दा जरा सैल पडतो तिथे जाऊन थांबा. लंगर ही पहिली जागा. आचारी सगळ्या पलटणीला रोज दोनदा बघतो. कोण जेवला नाही, कोण ताट ठेवून उठला, हे त्याच्याइतकं कुणाला माहीत नसतं. दुसरी जागा एमआय रूम, म्हणजे पलटणीचा दवाखाना. पाठदुखी, डोकेदुखी, झोप न लागणं घेऊन वारंवार येणाऱ्यांपैकी काहींचं दुखणं घरी असतं. तिसरी, रात्रीचा पहारा. परवानगी घेऊन, सेंट्रीच्या कामात अडथळा न आणता, त्याची पाळी संपली की चहा घेऊन बसा. अंधारात खांद्यावरचा तारा दिसत नाही, तेव्हा मुलं बोलतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सुट्टीवरून परतणारी गाडी. आल्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी तो मिठाई वाटत असतो. दोन-तीन दिवसांनी गाठा. घरात जे घडलं असेल ते तोवर वर येऊ लागतं.

‘कसं चाललंय’ हा प्रश्न सोडून द्या. त्याला उत्तर एकच आहे. त्याऐवजी विचारा: घराचा स्लॅब पडला का? बहिणीचं कुठं जमलं? औंदा पाऊस कसा आहे तिकडे? कर्ज सोसायटीचं आहे की सावकाराचं? धाकटा काय करतो? अशा प्रश्नांना ‘सब ठीक है’ म्हणता येत नाही, काहीतरी सांगावंच लागतं. त्यासाठी प्रत्येकाचं गाव आणि घर लक्षात ठेवावं लागतं. ज्याने शेकडो ऋचा पाठ केल्या त्याला शेकडो घरं पाठ करायला जड जाऊ नये. मी वही ठेवली नाही, तुम्हीही ठेवू नका. वही हरवली तर माणसं उघड्यावर पडतात.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतून आता अग्निवीर येऊ लागले आहेत. एकोणीस-वीस वर्षांची मुलं, चार वर्षांची मुदत, आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्क्यांना पुढे संधी. त्यांचा प्रश्न धर्माचा नसतो; चार वर्षांनी मी कुठे असेन, हा असतो. त्याला श्लोकाने उत्तर देऊ नका. ऐका. त्याला कोणता अभ्यास जमेल, कुणाशी बोलता येईल, ते बघा. बरोबरीची मुलं स्पर्धक आहेत या जाणिवेने काही जण मित्रांपासूनही तुटतात, त्यांच्याकडे जास्त लक्ष द्या.

मेसमधल्या जुन्या जेसीओंचं काय करायचं? त्यांना आधी तुम्ही ‘साहब’ म्हणा. तारीख तुमच्या बाजूने असली तरी म्हणा. त्यांच्याजवळ बसून पलटणीचा इतिहास ऐका, त्यांच्या पहिल्या पोस्टिंगबद्दल विचारा. थोड्याच दिवसांत तेच त्यांच्या कंपनीतल्या मुलाचं नाव घेऊन म्हणतील, पंडितजी, जरा त्याच्याशी बोला.

गुरू कुणाला करावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे आणि ते अनेकांना पटत नाही. जुने धर्मगुरू मंदिर कसं चालवायचं ते शिकवतील, तेवढं त्यांच्याकडून जरूर घ्या. सुभेदार मेजर साहेब पलटण कशी चालते ते शिकवतील, त्यांचा शब्द खाली पडू देऊ नका. पण माणूस वाचायला शिकायचं असेल तर नर्सिंग असिस्टंटच्या शेजारी बसा. तो हुद्द्याने तुमच्या खाली असेल. तरीही शिका. दुखणाऱ्याशी किती बोलायचं आणि कुठे थांबायचं, हे मी त्याच्याकडून शिकलो. एकाही प्रवचनकाराकडून नाही.

यानंतर हुद्द्याचा राग धरू नका, मीही आता धरत नाही. त्याच ताऱ्यामुळे तुम्हाला कंपनी कमांडरच्या दारावर टकटक करता येते. जवानाची सुट्टी अडली असेल, घरचा तंटा तहसीलदाराकडे अडकला असेल, बायको दवाखान्यात असेल, तेव्हा साधा शिपाई जिथे पोहोचत नाही तिथे तुम्ही दोन मिनिटांत पोहोचता. लष्कराने तारा दिलाय तो यासाठी. एकदा जवानांना कळलं की पंडितजी स्वतःचा हुद्दा आपल्यासाठी, जवानांसाठी, खर्च करतात, की ‘सब ठीक है’ आपोआप कमी होतं.

जवान बोलायला लागला की लगेच दुसरा प्रश्न उभा राहतो. तो म्हणतो, ‘पंडितजी, किसी को बताना मत.’ आणि जिभेवर लगेच येतं, नाही सांगणार. हे वचन देऊ नका. आपल्या देशात वकील आणि अशील यांच्यातल्या बोलण्याला कायद्याचं संरक्षण आहे, २०२३ च्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ते आहे. पुरोहिताजवळ सांगितलेल्या गोष्टीला तसं संरक्षण नाही. अमेरिकेच्या नौदलातल्या चॅप्लेनचं उदाहरण लोक देतात. तिथे खलाशाने चॅप्लेनला विश्वासाने सांगितलेलं त्याच्या संमतीशिवाय कुणालाही सांगता येत नाही, जहाजाच्या कप्तानालासुद्धा नाही, आणि तो नियम लेखी आहे. तो चॅप्लेन कमिशन्ड अधिकारी असतो, धर्मशास्त्राची पदव्युत्तर पदवी आणि आपल्या धर्मसंस्थेची शिफारस घेऊन आलेला. ती व्यवस्था वेगळी आहे. तिच्याबद्दल वाचून तीच इथे आहे असं समजून चालू नका.

मी काय म्हणतो ते सांगतो. ‘तुझी गोष्ट मी मेसमध्ये नेणार नाही, कुणाच्या कानावर जाऊ देणार नाही. पण तुझ्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला धोका आहे असं मला वाटलं, तर मी एकटा ते पोटात ठेवणार नाही. आपण दोघं मिळून डॉक्टरसाहेबांकडे जाऊ.’ हे पहिल्याच बैठकीत, त्याने तोंड उघडण्याआधी म्हणायचं. हे ऐकून एखादा उठून जाईल असं वाटतं. बहुतेक जण उठत नाहीत. उलट समोरचा माणूस काय करणार हे स्पष्ट कळल्याने मोकळे होतात. ज्याच्या हातात शस्त्र आहे आणि ज्याला चार रात्री झोप नाही, त्याच्यासमोर गुप्ततेचा विचार करत बसू नका. रेजिमेंटल मेडिकल ऑफिसरकडे त्याच रात्री जा. पूजापाठाने बरं होईल असं मनात आलं तरी आधी डॉक्टर. हे मी कितीही वेळा सांगेन.

बाकीच्या, जिवावर न बेतणाऱ्या गोष्टी मात्र तोंडातून बाहेर पडता कामा नयेत. प्रवचनात उदाहरण म्हणूनही नाही. नाव न घेता सांगितलं तरी बॅरेकला पाच मिनिटांत कळतं कोण ते.

आता जवानांच्या श्रद्धेबद्दल. शास्त्री-आचार्य झालेल्यांना इथे ठेच लागते. तुमची नेमणूक मराठा लाइट इन्फन्ट्रीत होईलच असं नाही. डोग्रांकडे गेलात तर ज्वालामाता, गढवालींकडे बद्रीविशाल, कुमाऊंकडे कालिकामाता. त्या त्या पलटणीच्या युद्धघोषातच हे दैवत आहे. तिथे जाऊन आपल्या पद्धतीची पूजा बसवायला जाऊ नका. त्यांची आरती, त्यांची चाल, नैवेद्याची त्यांची रीत शिका. मराठी उच्चारांची हिंदी सुरुवातीला खटकते, पण चूक सुधारून घेणारा पंडित त्यांना आवडतो.

आणि सीमेवरच्या बाबांचं काय? सियाचीनला चढणारे जवान ओपी बाबांना, म्हणजे तिथला रखवाला मानलेल्या एका जवानाला, रीतसर रिपोर्ट देऊन पुढे जातात. सिक्कीममध्ये नथुला भागात बाबा हरभजन सिंगांचं स्थान आहे. १९६८ मध्ये गेलेला हा जवान अजून पहारा देतो अशी तिथल्या सैनिकांची श्रद्धा. नवा पंडित विचारतो, याला शास्त्राधार काय? मला वाटतं हा प्रश्न तिथे विचारू नये. वीस हजार फुटांवर जाणाऱ्या माणसाला आपल्याच वर्दीतलं कुणीतरी आपल्या पाठीशी आहे असं वाटणं, हे मी पाहिलं आहे, आणि त्याला नमस्कार करताना माझ्या आचार्यपणाला काही धक्का लागला नाही.

कसम परेड ही तुमच्या कामातली सगळ्यात उघड जागा. प्रशिक्षण संपवणारी मुलं आपापल्या धर्मग्रंथाच्या साक्षीने शपथ घेतात. पंडित, ग्रंथी, मौलवी, पाद्री ग्रंथ घेऊन त्यांच्यासमोर असतात. तिथे हात थरथरू देऊ नका आणि घाई करू नका. त्या मुलांसाठी तो क्षण एकदाच येतो.

अंत्यविधीबद्दल मला लिहिणं जड जातं, पण टाळत नाही. जाहिरातीत धर्मगुरूच्या कामात अंत्यविधी, रुग्णालयातल्या आजाऱ्यांना भेटणं, शिक्षा भोगणाऱ्या सैनिकांना भेटणं, मुलांना धर्मशिक्षण देणं असं सगळं लिहिलेलं असतं. वाचताना ती एक ओळ वाटते. प्रत्यक्षात तिरंग्यात गुंडाळलेला देह गावी जातो तेव्हा त्याच्यासोबत पलटणीची माणसं जातात, आणि कधी त्यात तुम्ही असता. गावचे भटजी तिथे असतात. विधी त्यांना करू द्या. तुम्ही आईजवळ, पत्नीजवळ थांबा. ‘वीरमरण आलं, रडू नका’ असं म्हणू नका. त्यांना रडायचं असतं. त्याचं नाव घेऊन, तो पलटणीत कसा होता, काय आवडायचं, कुणाशी त्याची मैत्री होती, हे सांगा. घरच्यांना तो अर्धा माहीत नसतो, कारण वर्षातले बहुतेक महिने तो तुमच्याबरोबर होता. हे सांगता यायचं असेल तर तो जिवंत असताना तुम्ही मंदिराबाहेर पडलेलं असायला हवं. मंदिरात बसून राहिलेल्या पंडिताकडे त्या आईला सांगण्यासारखं एक वाक्यही नसतं.

परत आल्यावर काही दिवस तुम्हालाच झोप येणार नाही. हे होतं. त्याबद्दल कुणाशी तरी बोला. मी पाद्री साहेबांशी बोलायचो, ते माझ्याशी. धर्मगुरूला धर्मगुरूच लागतो, आणि तो आपल्याच धर्माचा असला पाहिजे असं नाही.

घरच्यांबद्दल राहिलं. फील्ड पोस्टिंगला कुटुंब सोबत नसतं. आपल्या घरचे सण तुमच्यावाचून होतील, कारण नेमके त्याच दिवशी पलटणीत तुमचं काम सगळ्यात जास्त असतं. गणपतीत, नवरात्रात, दसऱ्याच्या शस्त्रपूजनाला, दिवाळीत सुट्टी मागू नका, मिळणार नाही. लग्न ठरत असेल तर मुलीला हे आधी सांगा, नंतर नको. वडिलांकडची यजमानकी कोण सांभाळणार तेही बसून ठरवा. भरती झाल्यावर दोन्ही करता येईल असं वाटत असेल तर ते होत नाही. हे सगळं बोलून झाल्यावरही जावंसं वाटत असेल, तर आधी विद्यापीठात जाऊन डिप्लोमाचा अर्ज भरा, आणि उद्यापासून पळायला लागा.